आधी वही, मग कानस

काही महिन्यांपूर्वी एका मुलीचे वडील आमच्या घरी आले. आम्ही पुण्यात नारायण पेठेत पत्र्या मारुतीजवळ राहतो. एअर पिस्तूल खेळणारी मुलं आणि त्यांचे आई-बाबा अधूनमधून काही ना काही विचारायला येत असतात. यांची मुलगी नववीत, दोन वर्षांपासून बालेवाडीला सरावाला जाते. ६०० पैकी ५४० च्या आसपास तिचे गुण अडकले होते. त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर चार ओळी होत्या : नवी ग्रिप, ट्रिगरचं काम, बॅलन्स वेट, वेगळी फ्रंट साइट. प्रत्येकीसमोर किंमत. ‘ताई, यातलं काय काय करून घेऊ?’

मी विचारलं, ‘तिची वही आणलीत का?’ वही नव्हती. म्हणजे पिस्तुलात काय बदलायचं ते ठरलं होतं, पण नेमकं काय दुखतंय याची नोंद कुठेच नव्हती.

हा लेख अशा घरांसाठी आहे. पिस्तुलात हाताप्रमाणे, डोळ्यांप्रमाणे बदल करून घेणं हा नेमबाजीचा आवश्यक भाग आहे. चांगला बदल नेमबाजाला कित्येक महिन्यांचा त्रास वाचवतो, आणि चुकीच्या क्रमानं केलेला बदल पैसे घेऊन वर नवीन दोष देऊन जातो. म्हणून काय करावं याइतकंच कोणत्या क्रमानं करावं हेही महत्त्वाचं.

दोष पिस्तुलात आहे का?

स्पर्धेचं नवं एअर पिस्तूल घेतलं की त्याच्या पेटीत बहुधा एक छोटं कार्ड असतं. कारखान्यात पिस्तूल शिकंज्यात घट्ट पकडून दहा मीटरवर झाडलेल्या छर्‍यांची ती खूण. सगळे छर्रे जवळजवळ एकाच भोकात. मोरिनी सीएम १६२, श्टायर एलपी १०, वाल्थर एलपी ५००, फाइनवेर्कबाउ पी८एक्स, पार्डिनी के१२ यांपैकी कोणतंही घ्या. निगा राखलेली असेल, तर नळीच्या अचूकतेवर शंका घेण्याचं कारण सहसा नसतं.

आता हाताचं गणित पाहू. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, आणि तो रेषेला नुसता टेकला तरी दहा मिळतात. म्हणजे छर्‍याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. पुढची आणि मागची साइट यांच्यातलं अंतर ३४० मिलिमीटर धरलं, तर फ्रंट साइट मागच्या साइटच्या खाचेत ०.१ मिलिमीटर सरकली की टार्गेटवर छर्रा साधारण ३ मिलिमीटर सरकतो. ०.३ मिलिमीटरला दहा गेलेच.

उलट साइट नीट जुळलेल्या असतील आणि सगळा हात थोडा तरंगत असेल, तर हात जितका हलला साधारण तितकाच छर्रा हलतो. त्यामुळे हाताचं तरंगणं माफ होतं, मनगटाचं वळणं माफ होत नाही. पिस्तुलात जो काही बदल करायचा, तो या एका गोष्टीसाठी : गोळी सुटण्याच्या क्षणी साइट जुळलेल्या राहाव्यात. समोर आलेला प्रत्येक बदल या कसोटीला लावून पाहा. ‘छान दिसतं’, ‘अमुक खेळाडूकडे आहे’, ‘आता मिळतंय, नंतर मिळणार नाही’ ही कारणं या कसोटीवर टिकत नाहीत.

चार आठवड्यांची वही

दोनशे पानी साधी वही घ्या. पुढचे चार आठवडे पिस्तुलाला हात न लावता फक्त नोंदी करा. दर सरावाला तारीख, वेळ, पेलेटचा (म्हणजे छर्‍याचा) प्रकार, किती शॉट झाडले आणि दहा-दहाच्या मालिकांचे गुण लिहा. त्याखाली टार्गेटचा छोटा गोल काढून ग्रुप, म्हणजे छर्‍यांचा पुंजका, कुठे पडला ते टिंबांनी दाखवा. शेवटी एका ओळीत हाताची तक्रार लिहा : अंगठ्याखाली रुततं, करंगळी सुटते, तिसर्‍या मालिकेनंतर मनगट दुखतं.

महिन्याभरात वही बोलायला लागते. ग्रुप छोटा आहे पण सतत एका बाजूला पडतोय? मग साइटचे क्लिक फिरवा, पैसे लागत नाहीत. ग्रुप आडवा पसरतोय? ग्रिप किंवा ट्रिगरवरचं बोट तपासा. उभा पसरतोय? मनगट सैल पडतंय का, श्वास कुठे थांबतोय, डोळा फ्रंट साइटवर आहे की टार्गेटवर, ते बघा. पहिल्या तीन मालिका चांगल्या आणि पुढच्या तीन घसरत असतील, तर बहुतेक वेळा ताकदीचा व्यायाम कमी पडतोय, आणि ताकद कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

वरच्या मुलीच्या वहीत चार आठवड्यांनी दोन गोष्टी दिसल्या. ग्रुप आडवा पसरत होता, आणि जवळजवळ रोज ‘करंगळी सुटते’ असं लिहिलं होतं. चार ओळींच्या त्या कागदावरची एकच ओळ उरली : ग्रिप.

डोळे मिटून हात उचला

ग्रिप हाताला बसते का, हे तपासायला यंत्र लागत नाही. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करा, हवेचा सिलिंडर काढून ठेवा, भिंतीवर कोरा कागद चिकटवा. नेहमीच्या पवित्र्यात उभं राहून पकड घ्या. डोळे मिटा, हात नेहमीच्या उंचीवर न्या, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. काहीही दुरुस्त न करता फ्रंट साइट खाचेत कुठे आहे ते पाहा : मध्ये, डावीकडे, उजवीकडे, वर की खाली. पिस्तूल खाली ठेवा, हात मोकळा करा, पुन्हा पकड घ्या. असं वीस वेळा, आणि प्रत्येक वेळी वहीत एक खूण.

वीसपैकी पंधरा-सोळा वेळा साइट मध्ये येत असेल, तर ग्रिपला हात लावू नका. बहुतेक वेळा ती एकाच बाजूला जात असेल, तर ग्रिप मनगटाला तिकडे वळवते आहे. अनेक आधुनिक पिस्तुलांत ग्रिपचा कोन स्क्रूने थोडा बदलता येतो, तो आधी वापरून बघा. खुणा सगळीकडे विखुरल्या असतील, तर दोष ग्रिपचा नाही. पकड दर वेळी वेगळी घेतली जाते आहे. तिथे कारागीर काही करू शकणार नाही, दोन महिने कोचबरोबर पकडीचा सराव करावा लागेल.

पेठेत राहणार्‍यांना एक विनंती. आपल्याकडे गॅलरीसमोर गॅलरी असते. रिकामं असलं तरी पिस्तूल खिडकीच्या दिशेनं उचलू नका, पडदा ओढून आतल्या भिंतीकडे तोंड करून सराव करा. घरात छर्रा झाडायचाच नाही. ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबण्याचा सराव, करतानाही त्या खोलीत पेलेटची डबी ठेवू नका.

ग्रिप : आधी भर घाला, मग काढा

पिस्तूल आणि माणूस यांची गाठ फक्त ग्रिपवर पडते. म्हणून खर्च करायचा तर पहिला इथे. आधी माप तपासा. ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येतात आणि वाढत्या वयाच्या मुलांचा हात दीड-दोन वर्षांत माप ओलांडतो. चुकीच्या मापाची ग्रिप घासून बसवत बसण्यापेक्षा योग्य मापाची घेणं स्वस्त पडतं.

माप बरोबर असेल तर हात कुठे टेकतो ते बघा. तळहातावर खडूची पूड लावून पकड घ्या आणि हात अलगद काढा. गडद लाकडावर पांढरे ठसे उमटतात. तळहाताचा खळगा, अंगठ्याचा उंचवटा, मधली तीन बोटं यांचे ठसे सलग दिसायला हवेत. जिथे ठसा नाही तिथे पोकळी आहे, आणि ती भरून काढायला हात नकळत आवळला जातो. जिथे ठसा फार गडद आहे आणि वहीत दुखल्याची नोंद आहे, तिथे लाकूड जास्त आहे.

पोकळी भरायला सुरुवातीला कापडी चिकटपट्टीचे थर पुरतात. आठवडाभर पट्टीवर खेळा. गुण आणि खुणा सुधारल्या तरच पक्की भर घाला. त्यासाठी सुतार लाकडाची लांबी वापरतात, घरी एम-सीलही चालतं. ओला मसाला कातडीला लागू देऊ नका. त्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म पसरा, मग पकड घेऊन ठसा उमटवा. पाकिटावर दिलेला वेळ सुकू द्या आणि मग पॉलिश पेपरने कडा मारा. लाकूड घासताना तोंडाला मास्क हवाच.

काढण्याचं काम सगळ्यात शेवटी, आणि एका वेळी कागदाच्या जाडीइतकं. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते आहे. विशीत असताना एका राज्य स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी अंगठ्याखाली रुततंय म्हणून मी ग्रिप घासायला बसले. हाताला बरं वाटलं म्हणून आणखी घासली. दुसर्‍या दिवशी पहिल्या मालिकेत पिस्तूल हातात फिरत होतं, आणि काढलेलं लाकूड परत आणता येत नव्हतं. तेव्हापासून दोन नियम पाळते. काम सुरू करण्याआधी ग्रिप कागदावर ठेवून तिची बाह्यरेषा काढायची आणि चारी बाजूंनी फोटो घ्यायचे. आणि मूळ ग्रिप कधीही कापायची नाही. कापायची झाली तर जुनी, वापरलेली ग्रिप मिळवून तिच्यावर प्रयोग करायचा.

ग्रिपची मर्यादा आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत स्पष्ट आहे. ग्रिपचा किंवा पिस्तुलाचा कोणताही भाग हाताच्या पलीकडे टेकता कामा नये आणि मनगट मोकळं दिसलं पाहिजे. त्या हातात घड्याळ किंवा बांगडी घालूनही चालत नाही. शिवाय सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या मापपेटीत बसलं पाहिजे. तळहाताखालची फळी रुंद करणारे अनेक जण ही ५० मिलिमीटरची रुंदी विसरतात. घरी पुठ्ठ्याची तेवढ्या मापाची पेटी करून ठेवा.

आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि मे महिन्यात तळवे घामेजतात. जूनमध्ये अगदी घट्ट बसवलेली ग्रिप डिसेंबरात सैल वाटू शकते. म्हणून मोठं काम शक्यतो कोरड्या दिवसांत करा आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

ट्रिगर : ५०० ग्रॅमची रेघ

एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा हवा. नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन टांगतात. ते उचलल्यावर पिस्तूल सुटलं, तर तपासणीत नापास. ही तपासणी स्पर्धा संपल्यावरही अचानक होऊ शकते आणि तिथे नापास झालं तर सगळी मेहनत जाते. म्हणून रेघेवर राहू नका. ५१५ ते ५२० ग्रॅमवर ठेवा.

घरी तपासायला अर्ध्या लिटरची बाटली पाण्यानं भरा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बाटलीसकट बरोबर ५१० ग्रॅम होईल एवढंच पाणी ठेवा, मानेला तारेचा आकडा बांधा. पिस्तूल रिकामं, नळी वर, आकडा ट्रिगरच्या मध्यावर. बाटली सावकाश उचला. महिन्यातून एकदा हे करावं, आणि पिस्तूल दुरुस्तीहून आलं की त्याच दिवशी.

ट्रिगर हलका हवा, अशी बहुतेकांची मागणी असते. खरी गरज वेगळी असते. स्पर्धेच्या पिस्तुलात ट्रिगरचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा मऊ, तो ओढून बोट एका ठाम जागी थांबतं. दुसर्‍या टप्प्यात थोडासाच दाब वाढवला की शॉट सुटतो. एकूण ५०० ग्रॅमपैकी बराचसा भार पहिल्या टप्प्यात ठेवला, की शेवटी बोटाला थोडंच काम उरतं. हे संतुलन पिस्तुलातल्या स्क्रूंनी जमतं, नवीन सुटा भाग लागत नाही. आधी माहितीपुस्तिका वाचा, कोणता स्क्रू किती फिरवला ते वहीत लिहा, आणि एका बैठकीत एकच स्क्रू फिरवा.

ट्रिगरची जागाही मागे-पुढे करता येते. पहिल्या पेराच्या गादीचा मध्य ट्रिगरवर टेकला पाहिजे आणि बोटाचा बाकीचा भाग ग्रिपला लागता कामा नये. बोट ग्रिपला घासत असेल, तर शॉट सुटताना ते पिस्तूल ढकलतं आणि ग्रुप आडवा पसरतो. पुष्कळदा ‘ट्रिगर खराब आहे’ या तक्रारीचा शेवट एवढ्यावर होतो.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मोहक असतो. त्याचा दाब स्वच्छ असतो, पण तो बॅटरी आणि सर्किटवर चालतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २५ जुलै २०२१ रोजी, मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं. दुरुस्तीसाठी तिला रेंजवरून उठावं लागलं, वेळ गेला, आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला २८ जुलै २०२४ रोजी तिनं याच प्रकारात कांस्यपदक जिंकलं. इतक्या मोठ्या खेळाडूच्या बाबतीत हे घडलं, तर आपण धडा घ्यायलाच हवा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घ्यायचा असेल तर त्याच किमतीत सुटे भाग, बॅटरी आणि स्पर्धेच्या आधीची तपासणी धरा. हा खर्च आणि ही काळजी जमणार नसेल, तर यांत्रिक ट्रिगर चांगला.

साइट आणि डोळे

या खेळात फक्त उघड्या साइट चालतात. दुर्बीण, लेझर, आरसा काहीही नाही. बदलता येते ती फ्रंट साइटची रुंदी आणि मागच्या खाचेची रुंदी. खाचेतून पाहताना फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना स्पष्ट दिसतील अशा पांढर्‍या रेघा हव्यात. त्या फार बारीक असतील तर डोळा शिणतो, फार रुंद असतील तर मध्य सापडत नाही. अनेक पिस्तुलांत खाच स्क्रूनं कमीजास्त होते. आधी ती करून बघा.

साइटसाठी पैसे खर्च करण्याआधी डोळे तपासा. मुलांना चष्म्याचा नंबर असतो आणि तो कुणालाच माहीत नसतो, असं मी बरेचदा पाहिलंय. चाळिशीनंतर खेळणार्‍यांचा प्रश्न वेगळा : वाचायच्या चष्म्यातून फ्रंट साइट नीट दिसत नाही आणि लांबच्या चष्म्यातून तर ती पुसटच होते. नेत्रतज्ज्ञांना सांगा की मला हाताच्या अंतरावरची, साधारण पाऊण ते एक मीटरवरची वस्तू ठळक दिसायला हवी. पट्टीनं मोजून अंतर लिहून न्या. नेमबाजीच्या चष्म्यात त्या नंबरची काच बसवून घेता येते, आणि बर्‍याच प्रौढ खेळाडूंना पिस्तुलातल्या कुठल्याही बदलापेक्षा या काचेचा फायदा जास्त होतो.

वजन, पेलेट, सिलिंडर

एअर पिस्तुलाचं कमाल वजन १५०० ग्रॅम. बहुतेक पिस्तुलं एक किलोच्या आसपास असतात. नळीखाली लावायची छोटी वजनं पिस्तूल स्थिर वाटायला मदत करतात, पण वाढत्या वयाच्या मुलांच्या खांद्याला ती जड जातात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आहे त्या पिस्तुलासह साठ शॉट न थकता झाडता येत नसतील, तर वजन वाढवण्याचा विचारही करू नका.

पेलेटची चाचणी मात्र अवश्य करा. पेलेट ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर अशा डोक्याच्या मापांत येतात. पिस्तूल टेकवून प्रत्येक मापाचे दहा-दहा शॉट झाडा आणि ग्रुप ताडून पाहा. शिसं हाताला लागतं, म्हणून सराव झाला की साबणानं हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

सिलिंडरवर तारीख असते. त्याचं आयुष्य बहुधा दहा वर्षं, आणि ते मुदतीत आहे की नाही ही जबाबदारी खेळाडूची. जुनं पिस्तूल घेताना ती तारीख सगळ्यात आधी पाहा. हवा गळत असेल तर सील बदलायचं काम अधिकृत दुरुस्तीकाराकडे. दाबाखालची हवा घरी हाताळायची नाही.

कायद्याची रेघ

आतापर्यंतचं सगळं एअर पिस्तुलाविषयी. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या ऊर्जेच्या हवेच्या पिस्तुलाला शस्त्र नियम २०१६ नुसार परवाना लागत नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल सेकंदाला साधारण १५० मीटर वेगानं पेलेट टाकतं, म्हणजे त्याची ऊर्जा पाच-सहा ज्यूलच्या आसपास असते. दहा मीटरला एवढं पुरतं. ‘पॉवर वाढवून देतो’ असं कोणी म्हणालं, तर तिथून परत या. त्या बदलाचा खेळाला उपयोग नाही, आणि मर्यादा ओलांडली तर तुम्ही कायद्याच्या कचाट्यात येता.

पॉइंट टू-टू किंवा त्याहून मोठ्या पिस्तुलाची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक दुरुस्त करायला, तिच्यात बदल करायला किंवा तिची चाचणी घ्यायलाही परवाना लागतो. कलम ६ परवान्याशिवाय नळी आखूड करायला आणि एका प्रकारातून दुसर्‍या प्रकारात बदलायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमांच्या भंगाला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे इथे घरी काही करायचं नाही. ओळखीच्या लेथवाल्याकडून किंवा ‘हात बसलेल्या’ मित्राकडूनही नाही. ग्रिप हाताला बसवणं आणि माहितीपुस्तिकेत दिलेली जुळवणी एवढंच खेळाडूचं. बाकी सगळं परवानाधारक कारागिराकडे, लेखी पावतीसह. पुणे शहरात शस्त्र परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयातून चालतं. शंका आली तर आधी तिथे विचारा, मग कामाला हात घाला.

पंचवीस मीटरच्या स्पोर्ट पिस्तुलाच्या मर्यादाही वेगळ्या : ट्रिगर किमान १००० ग्रॅम, वजन कमाल १४०० ग्रॅम, दोन साइटमधलं अंतर कमाल २२० मिलिमीटर. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं याच प्रकारात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, पालेमबांगला, सुवर्ण जिंकलं. अंतिम फेरीत ३४ वर बरोबरी झाली आणि दोन शूट-ऑफनंतर निकाल लागला. नेमबाजीत आशियाई सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. अशा क्षणी ग्रिप कशी आहे, ट्रिगर किती जड आहे याचा विचार डोक्यात येऊन चालत नाही. ते प्रश्न काही महिने आधीच सुटलेले असावे लागतात.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. नारायण पेठेतून बालेवाडीला जायचं म्हणजे लकडी पुलावरून निघून विद्यापीठ चौक, बाणेर असा रस्ता. एअर पिस्तूल असलं तरी ते बंद केसमध्ये, सिलिंडर वेगळा काढून न्या. सोबत खरेदीचं बिल, ओळखपत्र आणि असोसिएशनचं कार्ड ठेवा. गणेशोत्सवात लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता गर्दीनं भरलेले असतात आणि जागोजागी बंदोबस्त असतो. त्या दिवसांत केस घेऊन गर्दीत शिरू नका, सराव पहाटे ठेवा किंवा पिस्तूल घरीच ठेवून ड्राय फायर करा. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात. परवानाधारक खेळाडूंनी त्याची चौकशी आणि अर्ज वेळेत करावेत.

कारागिराकडे जाताना

काम कुणाकडे द्यायचं ते ठरवताना पाच प्रश्न विचारा. तुम्ही याच मॉडेलवर आधी काम केलंय का? नेमकं काय बदलणार, ते कागदावर लिहून द्याल का? बदल नको वाटला तर पिस्तूल पूर्ववत होईल का? कंपनीची वॉरंटी राहील का? किती दिवस लागतील? पहिल्या आणि तिसर्‍या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर तिथे काम देऊ नका.

चांगला कारागीर सांगेल ते लगेच करत नाही. तो पिस्तुलाआधी तुमचा हात पाहतो, पवित्र्यात उभं राहायला लावतो, वही असेल तर वाचतो. ‘याची गरज नाही’ असं म्हणून पैसे वाचवणारा माणूस भेटला, तर त्याला जपा.

एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले आणि गुण वाढले, तर कशामुळे वाढले ते कळत नाही. घटले तर काय परत करायचं तेही कळत नाही. प्रत्येक बदलाला किमान दोन आठवडे आणि सहाशे शॉट द्या. स्पर्धेच्या आधीच्या चार आठवड्यांत काहीही बदलू नका, सैल झालेला स्क्रू तेवढा घट्ट करा. सुटे भाग बाहेरून येतात आणि त्यांना वेळ लागतो. म्हणून सील, स्प्रिंग आणि साइटचे स्क्रू यांचा एक जोड कायम केसमध्ये असू द्या.

नवं पिस्तूल या यादीत सगळ्यात शेवटी येतं. लाखाच्या वर जाणारा हा खर्च आहे. बसवलेली ग्रिप, जुळवलेला ट्रिगर, तपासलेले डोळे आणि वर्षभराची वही असूनही पिस्तूलच अडवतंय असं कोच वही बघून म्हणत असेल, तर जरूर घ्या. तेव्हा कोणतं घ्यायचं हेही वहीच सांगेल.

त्या मुलीची ग्रिप मापानं मोठी निघाली. एक माप लहान मिळाली, त्यावर करंगळीच्या जागी थोडी भर घातली. तिच्या बाबांचा तो कागद आता वहीच्या शेवटच्या पानाला टाचलेला आहे. बाकीच्या तीन ओळींवर अजून काट मारलेली नाही, त्यांच्यासमोर किमतीच्या जागी आता तारखा आहेत : कधी तपासायचं, कशावरून ठरवायचं.

तुमच्या घरीही असा कागद तयार असेल, तर तो आज बाजूला ठेवा. संध्याकाळी पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा, पडदा ओढा, डोळे मिटून वीस वेळा हात उचला आणि वीस खुणा करा. वहीचं पहिलं पान झालं.